मोतीलाल कंडक्टरांचा शेपू

आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत साखरपुडा असो, बारसं असो की कुणाच्या रिटायरमेंटचं जेवण, पंगत बसवायचं काम मोतीलालभाऊ बैसाणे यांच्याकडे असतं. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही, त्यांनी घेतलेलं आहे. हयातभर एसटीत कंडक्टर होते. अर्धी नोकरी साक्री-धुळे रस्त्यावर झाली, उरलेली जळगावला. नोकरी संपली, पण माणसं जागेवर बसवायची खोड काही गेली नाही. मांडवात चार बायका एका कोपऱ्यात बोलत उभ्या दिसल्या की यांच्या जिवाची नुसती उलघाल होते. मग दोन्ही हात पसरून मागून येतात आणि म्हणतात, "पुढे सरका, मधी गह्यरी जागा शे." एकदा त्यांनी खुद्द नवरीच्या आईला असंच पुढे सरकवलं होतं.

मी त्यांची शेजारीण, पुष्पाबाई. माझं माहेर सावद्याचं. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि त्या भिंतीवरून इतकी वर्षं वाट्या, ताटल्या, भांडणं आणि बातम्या इकडून तिकडे गेलेल्या आहेत. त्यामुळे मोतीलालभाऊंबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते. काही माणसं कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी असतात. हे सगळ्यांच्या अध्यात आणि सगळ्यांच्या मध्यात असतात. पण कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की सगळ्यात आधी चप्पल घालून तेच उभे असतात. मला त्यांचा राग रोज येतो आणि रोज जातो.

या माणसाचं जन्माचं वैर कशाशी असेल तर ते शेपूशी. नोकरीच्या सुरुवातीला साक्रीच्या आठवडे बाजाराची गाडी त्यांच्याकडे असायची. बायका टोपल्या भरभरून शेपू घेऊन चढायच्या. वरून तापलेलं टप, आत खचाखच माणसं आणि पायाशी कोमेजत चाललेला शेपू, अशा अवस्थेत तिकिटं फाडून त्या वासाची त्यांना जी शिसारी बसली ती बसलीच. शेपू खाणाऱ्याच्या शेजारी ते बसत नसत. ढेकर येतो म्हणत. खाल्ला त्याने आणि ढेकराची भीती यांना. लग्न झाल्यावर बायकोकडून त्यांनी एकच गोष्ट कबूल करून घेतली, की घरात शेपूची जुडी येणार नाही.

द्रौपदाबाईंनी ते पाळलं. घरात आणली नाही, माझ्या घरात येऊन खाल्ली. मी मूगडाळ घालून शेपू परतला किंवा तुरीची डाळ भरडून शेपूचे फुणके वाफवले की भिंतीवरून फक्त खोकायचं, एवढी आमची खूण होती. द्रौपदाबाई मागच्या दाराने यायच्या, ओट्यावर मांडी घालून बसायच्या आणि कढीत फुणके कुस्करून अशा खायच्या की बघणाऱ्याला भूक लागावी. जाताना दोन लवंगा चघळत जायच्या. मोतीलालभाऊंना वाटायचं, बायकोचे दात दुखतात. त्यांनी तिला दंतमंजनही आणून दिलं होतं.

द्रौपदाबाई साक्रीकडच्या एका खेड्यातल्या. वडिलांची कोरडवाहू जमीन होती आणि विहिरीजवळ एक तुकडा भाजीचा. त्या म्हणायच्या की पहाटे दवात भिजलेल्या शेपूच्या वाफ्यातून चालत गेलं की लुगड्याच्या काठाला दिवसभर वास राहायचा. बाजारातल्या जुडीत तो निम्मासुद्धा नसतो. हे त्या मला कितीदा सांगायच्या. नवऱ्याला कशाला सांगतील.

आणि हाताला चव म्हणाल तर अशी बाई मी पाहिलेली नाही. भरताची वांगी त्या तुरीच्या काड्यांवर भाजायच्या आणि नुसत्या वासावरून सांगायच्या की आता उलट, आता काढ. झाकण न उघडता त्यांना कळायचं की डाळीत मीठ पडलेलं नाही. विहारातली बुद्धपौर्णिमेची खीर कितीतरी वर्षं त्यांच्याच हातची. मोठं पातेलं, लांब उलथनं आणि पदर खोचून उभ्या द्रौपदाबाई, हे ठरलेलंच.

साथीच्या तिसऱ्या लाटेत दोघांनाही ताप आला. तोवर लोकांची भीती गेलेली होती, चारचौघांसारखे घरीच पडून बरे झाले. मोतीलालभाऊ उठून परत सगळ्यांच्या मध्यात आले. द्रौपदाबाईंचा मात्र वास गेला तो गेलाच. सगळे म्हणाले येईल, कुणाकुणाचा आला. त्याही म्हणाल्या येईल. चहा म्हणजे कोमट पाणी आणि भाकरी म्हणजे पुठ्ठा, असं हसून सांगायच्या. मग हसणं कमी झालं. वास नाही तर चवही नाही, आणि चव नाही तर माणूस किती खाणार? हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

बुद्धपौर्णिमा आली. लोकांनी आग्रह केला आणि त्यांनी नेहमीसारखी खीर केली. खीर खालून लागली. पातेल्याजवळ उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना करपल्याचा वास आला आणि सगळ्यात जवळ उभी असलेली बाई शांतपणे उलथनं फिरवत होती. कुणाला सांगायचा धीर झाला नाही. मलाही झाला नाही. माणसांनी ती खीर खाल्ली, मान डोलावली, चांगली झाली म्हणाली. नंतर पातेलं घासायला घेतल्यावर तळाशी काळी खरपुडी निघाली, तेव्हा त्यांना कळलं.

संध्याकाळी त्या भिंतीशी आल्या आणि म्हणाल्या, "खीर करपनी व्हती, पुष्पाताई. कोनी माले सांगं नही." मला तोंड वर करवेना. त्या दिवसानंतर त्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. पुढे पितळी कढई गॅसवर ठेवून मोतीलालभाऊ स्वतः भात करायला लागले. त्या भाताबद्दल न बोललेलंच बरं.

मग मात्र मी हट्टाने दोघांना डॉक्टरकडे नेलं. नाक-कान-घशाची तरुण डॉक्टर होती, बोलायला गोड. तिने तपासलं आणि समजावलं की वासाची नस दुखावली आहे, औषधापेक्षा सरावाने फायदा होतो. रोज सकाळ-संध्याकाळ तीव्र वासाच्या चार वस्तू हुंगायच्या, लवंग, लिंबू, निलगिरी अशा. हुंगताना तो वास आठवायचा. येईल की नाही याची खात्री देता येत नाही, पण सोडायचं नाही. चौथी वस्तू तुमच्या जिवाभावाची असू द्या, लहानपणापासून आवडणारा वास कोणता, असं तिने विचारलं.

द्रौपदाबाईंनी मान खाली घातली. नवरा शेजारी बसलेला. मीच म्हणाले, "शेपू." मोतीलालभाऊंनी मान माझ्याकडे वळवली आणि मग बायकोकडे. मी तिथेच सगळं सांगून टाकलं, फुणके, खोकला, लवंगा, सगळं. डॉक्टर खाली बघून हसत होती. रिक्षात बसल्यावर मोतीलालभाऊंनी बायकोला एवढंच विचारलं, "तुना दात कधीच दुखत नव्हतात का?" ती नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हा माणूस बाजारातून शेपूची जुडी घेऊन आला. पिशवीत वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात जुडी, आणि पिशवी अंगापासून हातभर लांब. भर उन्हाळ्यातली पिवळट, पाणी मारमारून जिवंत ठेवलेली जुडी ती. द्रौपदाबाईंनी हुंगली आणि मान हलवली. मी बोलून गेले की यात काय वास असणार, वाफ्यातल्या शेपूची गोष्टच वेगळी. आणि मग त्या लुगड्याच्या काठाची गोष्ट मी त्यांना सांगितली. मोतीलालभाऊंनी ती तिकिटावरच्या आकड्यासारखी जशीच्या तशी मनात घेतली.

आठवड्याभरात दारापुढची फरशी उखडलेली मला दिसली. तिथे ते स्कूटर लावत असत. स्कूटर रस्त्यावर गेली आणि दारापुढे शेणखत आलं. माणसाने जन्मात कधी तुळसही लावलेली नाही, कारण हे बौद्ध आणि घरात फुलझाडांचा शौक कुणाला नाही. आता मात्र बियाण्याच्या दुकानात जाऊन शेपूचं बी आणलं, तेही किलोच्या हिशेबाने मागितलं म्हणे, दुकानदाराने समजावून चिमूटभर दिलं. जूनच्या सुरुवातीला, जळगावचं ऊन डोक्यावर असताना, त्यांनी ते पेरलं. उगवलेलं थोडंफार दुपारच्या उन्हाने वाळवलं आणि उरलेलं त्यांनी बादलीने पाणी ओतून वाहून घालवलं. मी भिंतीवरून म्हटलं की झारी वापरा. ते म्हणाले, झारी बायकांचं काम आहे. दुसऱ्या दिवशी झारी आणली.

पोळा झाल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा पेरलं. ऊन उतरलं होतं, माती ओली होती, आणि काय तो शेपू उगवला. केसासारखी बारीक हिरवी पाती, दाटीवाटीने, अख्ख्या वाफ्याला लव आल्यासारखी. मोतीलालभाऊ तोंडाला रुमाल बांधून त्याच्याशेजारी उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. रुमाल कशाला, असं द्रौपदाबाईंनी खिडकीतून विचारलं तर धुळीची सर्दी होते म्हणाले. वास यायला अजून अवकाश होता, पण त्यांच्या नाकाला आधीच यायला लागला होता.

आणि मग कंडक्टर जागा झाला. एके सकाळी मी दूध आणायला निघाले तर हे उकिडवे बसून एकेक रोप उपटत आहेत आणि पलीकडच्या मोकळ्या मातीत वीत-वीत अंतरावर लावत आहेत. दोरी धरून रांगा आखलेल्या, प्रत्येक रांगेत दोन-दोन रोपं, मध्ये चालायला वाट. मी विचारलं हे काय चाललंय. ते म्हणाले, "आठे इतली गर्दी आनि तठे बठ्ठी जागा मोकयी. असं कसं चाली?"

मी हातातली रिकामी पिशवी भिंतीवर ठेवली. शेपू म्हणजे काही मिरचीचं रोप नाही. त्याचं मूळ एकच, सरळ खाली जाणारं. ते एकदा दुखावलं की रोप मान टाकतं. शेपू जिथे पडला तिथेच वाढतो, दाटी झाली तर उपटून खायचा, उचलून बसवायचा नाही. पण हे सांगायच्या आधीच पाठीमागून आवाज आला. द्रौपदाबाई दारात उभ्या होत्या. महिनोन् महिने खाटेवरून उठून फक्त खिडकीपर्यंत येणारी बाई अंगणात उतरली, तिने नवऱ्याच्या हातातलं रोप काढून घेतलं आणि म्हणाली, "हाई काय मोटारगाडी शे का? शेपू उपटीसन लावतस का कोनी? मना बाप असता तर तुम्हले बांधवरून खाले ढकली देता."

मी तर म्हणते त्या दिवशी शेपू मेला पण बाई उठली. दुपारपर्यंत सगळ्या रांगा झोपल्या होत्या, आणि उपटाउपटीत हललेला उरलेला वाफाही. मोतीलालभाऊ त्या रांगांमधून, स्वतः आखलेल्या वाटेने, हात मागे बांधून फिरत होते. इतकी माणसं आयुष्यात जागेवर बसवली, एकाने अशी मान टाकली नव्हती. मला त्यांची दया आली आणि हसूही आलं. दोन्ही मी लपवलं नाही.

दिवाळीच्या आसपास तिसरी पेरणी झाली, ती द्रौपदाबाईंच्या हातची. बी दोन्ही तळहातांत चोळून, मातीत मिसळून, त्यांनी हलक्या हाताने फेकलं आणि वरून नुसती मूठभर माती भुरभुरली. नवऱ्याकडे फक्त झारी दिली आणि सांगितलं की एकाही रोपाला हात लावायचा नाही. त्यांनी लावला नाही. हात मागे धरून उभे राहायचे. रोपांची दाटी बघून त्यांना होत असलेला त्रास मला भिंतीपलीकडून दिसायचा.

थंडी पडली आणि शेपू वीतभर झाला. मग रोज सकाळी त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. वाफ्याशी दोन पाट मांडायचे, एकावर त्या, एकावर हे. दवाने भिजलेल्या पात्यांवरून द्रौपदाबाईंनी हात फिरवायचा, चिमटीत चुरगळायचं, नाकाशी न्यायचं आणि डोळे मिटायचे. हे विचारायचे, "येस का?" त्या म्हणायच्या, "नही." परत हात, परत डोळे, परत "येस का?" आणि परत "नही." संध्याकाळी तेच. माझ्या घरापर्यंत त्या शेपूचा घमघमाट यायचा, इतका की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि त्याच्या मधोमध बसलेल्या बाईला काहीच नाही. मला ते बघवायचं नाही. काही दिवस मी सकाळी मुद्दाम मागच्या अंगणात कामं काढली.

एक दिवस द्रौपदाबाईंनी उठायला नकार दिला. मी तिथेच होते, लिंबं द्यायला गेले होते. मोतीलालभाऊ पाट घेऊन दारात उभे, आणि बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. त्या म्हणाल्या, "तुम्ही आते सोडी द्या. माले काही येत नही, येवाव बी नही. मी दीपमालाकडे जास." दीपमाला त्यांची लेक, धुळ्याला दिलेली. ती केव्हापासून आईला बोलवत होती. तिथे स्वयंपाकाला सासू-जावा आहेत, आईला चुलीकडे बघायचीही गरज पडणार नाही, म्हणत होती. मला कळलं की द्रौपदाबाई पाहुणपणाला जायचं म्हणत नाहीत. त्यांना आता जेवण आणि स्वयंपाक या दोन्ही गोष्टी आयुष्यातून काढून टाकायच्या होत्या. अशी बाई परत येत नाही. मोतीलालभाऊंनाही ते कळलं. पाट खाली ठेवत ते म्हणाले, "शेपूले फुलोरा येस तवलोंग थांब. मंग जाय." त्यांनी डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले की ती वाफ्याशी येत नसेल तर वाफा तिच्याकडे नेतो. मला वाटलं जुडी नेऊन उशाशी ठेवतील. त्यांनी विळा घेतला आणि अर्धा वाफा कापून काढला. मग मला विचारलं की फुणके कसे करतात.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी पाहिल्या आहेत, पण शेपू चिरताना मोतीलालभाऊ हे दृश्य वेगळंच होतं. रुमाल नाकावरून आवळून बांधलेला, डोळ्यांतून पाणी, आणि विळीवर शेपूचा डोंगर. तुरीची डाळ मी माझ्याकडची भिजवलेली दिली. ती भरडली, त्यात लसूण, मिरची, जिरं, मीठ आणि शेपू, शेपू किती, तर डाळीपेक्षा जास्त. मी कमी करा म्हटलं तर ऐकेनात. मूठ वळून फुणके चाळणीत लावायला लागले आणि लावतानासुद्धा दोन-दोनच्या रांगेत. मी काही बोलले नाही. तेवढी सूट दिली पाहिजे माणसाला. पातेल्यात पाणी उकळलं, वर चाळणी बसली, झाकण पडलं. दुसऱ्या शेगडीवर मी कढी ठेवली.

वाफ धरली तसा वास घरभर पसरला. खरं सांगते, मला शेपू आवडतो, पण त्या दिवशीचा वास मलाही जडच गेला. बंद स्वयंपाकघर, बाहेर थंडी म्हणून खिडक्या लावलेल्या, आणि अर्ध्या वाफ्याचा शेपू शिजतोय. मोतीलालभाऊ तोंड वळवून ओट्याला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा हिरवा पडला होता. बाहेर जाऊन बसा असं मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, झाकण काढायची वेळ चुकेल.

आतल्या खोलीतून खाटेचा आवाज आला. मग पावलं. द्रौपदाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, पदर नाकाशी दाबलेला, कपाळाला आठ्या.

"कसाना वास येस हाऊ?" त्या म्हणाल्या. "भलता घान शे. काय शिजाडी ऱ्हायनात तुम्ही?"

मोतीलालभाऊ आधी गडबडलेच. त्यांना वाटलं खाली लागलं. घाईघाईने झाकण काढायला गेले आणि वाफेचा लोट खोलीभर झाला. द्रौपदाबाई दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या की बंद करा ते, काहीतरी कुजलंय. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी मोतीलालभाऊंकडे पाहिलं. ते झाकण हातात धरून तिच्याकडे बघत होते. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

"तुले येस?" त्यांनी विचारलं.

त्या थांबल्या. पदर खाली आला. नाक पुढे करून त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा तोंड वाकडं केलं. "येस," त्या म्हणाल्या. "पन हाऊ शेपू नही. शेपू असा नसस."

मोतीलालभाऊंच्या हातात अजून झाकणच होतं, म्हणून डॉक्टरला फोन मी लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून ती पोरगी इतकी खूश झाली की जणू तिच्या आईचंच नाक परत आलं. म्हणाली, काकू, हे चांगलं लक्षण आहे. दुखावलेली नस जुळायला लागली की वास पहिल्यांदा असाच येतो, वेडावाकडा, कधीकधी घाणेरडा. गोड वस्तू कुजकी लागते, आवडती वस्तू नकोशी होते. सराव सोडू नका, बऱ्याच जणांचा पुढे सुधारतो. आत्ता फक्त घाण येऊ द्या, असं ती म्हणाली आणि हसली.

मी फोन ठेवला. फुणके वाफत होते. द्रौपदाबाई भिंतीला धरून खाली पाटावर बसल्या. चाळणीकडे बघत त्यांनी पुन्हा एक श्वास घेतला, पुन्हा तोंड वाकडं झालं. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नाकावर आवळलेल्या रुमालाकडे, लाल झालेल्या डोळ्यांकडे, हिरव्या पडलेल्या चेहऱ्याकडे त्या बघत राहिल्या.

"तुम्हले इतला वरीस असाच वास येत व्हता?" त्यांनी विचारलं.

"असाच," ते म्हणाले.

"मंग रोज सकाय मनासंगे त्या वाफामा कसा बसेत तुम्ही?"

मोतीलालभाऊंनी रुमाल सोडला. त्याची घडी घातली. शेवटी म्हणाले, "तुले येत नव्हता ना."

द्रौपदाबाई रडायला लागल्या. खिरीच्या दिवशी रडल्या नव्हत्या, आजारात रडल्या नव्हत्या, त्या आता मोठ्याने रडल्या, आणि रडता रडता मध्येच श्वास ओढून तो घाणेरडा वास घेत होत्या, परत रडत होत्या. मोतीलालभाऊ त्यांच्याजवळ फरशीवर बसले. माझेही डोळे भरून आले होते आणि इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या घरात कधी झाला असेल तर मला आठवत नाही. कढी उतू जायला आली होती. मी दोन्ही शेगड्या बंद केल्या आणि मागच्या दाराने घरी आले.